ह्यांनी लावलेल्या सुबाभळी

७ जानेवारी, रविवार

ही वही दर्शनाने आणली ती ह्यांच्यासाठी. डॉक्टर म्हणाले होते, दिवसभरात कोणकोणते शब्द बोलतात ते लिहून ठेवा. चार दिवस लिहिलं. चारही दिवस तेच. "बरां" दहा-अकरा वेळा, "मेलो" दोन-तीन वेळा. औषध दिलं की बरां, आमटीत मीठ जास्त पडलं तरी बरां, टीव्हीवर बातम्या लागल्या की मेलो, आमच्या मालवणीतला 'मेला'. अर्धांगाच्या झटक्यानंतर आठ महिन्यांत एवढेच दोन शब्द परत आलेत. माझं नाव नाही आलं, पण ते त्यांनी आधी तरी कधी घेतलं होतं! ते दोन शब्द यापुढे कॅलेंडरवर लिहीन. वही मला.

आज मी पट्ट्यावर गेले. मुलुंडच्या आमच्या इमारतीमागे टेकडीचा उतार आहे, त्यातले सहा एकर कॉलनीतल्या लोकांनी राखायला घेतलेत, तोच हा पट्टा. दर रविवारी सकाळी सात ते साडेनऊ पंधरा-वीस जण जमतात. दर्शना चेंबूरहून रविवारी येतेच, तीच म्हणाली, "आई, अडीच तास बाहेर जा. कुठेही जा. मी बसते बाबांजवळ. तू मेडिकल आणि भाजीवाला सोडून काही बघितलंयस का?"

तिथली पुढारी म्हणजे आमच्या चौथ्या मजल्यावरची श्रुतिका. झाडांचंच शिकलेली मुलगी. मी विचारलं, "कुठलं रोप लावायचं गं?" तर हसली.

"काकू, आपलं मोठं काम लावायचं नाहीये, काढायचं आहे. ही वरपर्यंत दिसतेय ना, ती सगळी सुबाभूळ. बाहेरून आलेलं झाड. एकेक झाड हजारोंनी बिया टाकतं, खाली दुसरं काही येऊच देत नाही. पक्ष्यांना खायला नाही, फुलपाखरांना नाही. ही हळूहळू काढायची आणि ऐन, कुंभा, करंज, आपली इथली झाडं आणायची."

हातात कोयता दिला तो घेतला आणि बोटाएवढी रोपं उपटत, तोडत राहिले. ती झाडं ह्यांनी लावलीत.

घरी आले तर ह्यांनी भुवया वर केल्या. कुठे होतीस? मी म्हटलं, "भजनाला."

"बरां," म्हणाले.

९ जानेवारी, मंगळवार

झोपले आहेत तोवर लिहिते.

तेव्हा इमारत नव्हती, चाळ होती, टेकडीच्या अगदी पायथ्याशी. ह्यांची गिरणी संपात गेली ती गेलीच, साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागले होते. एकोणनव्वदच्या जुलैत टेकडी खाली आली. दर्शना पाच महिन्यांची. मांडीपर्यंत चिखल घरात. पाळणा पलंगावर ठेवला होता म्हणून आज तिच्याशी भांडायला मिळतंय.

पुढच्या वर्षी चाळीतल्या सहा जणांना घेऊन हे सरकारी रोपवाटिकेत गेले. तिथे सुबाभूळच देत होते. लवकर वाढते, माती धरते म्हणाले. तीन वर्षं दर सुट्टीला झाडं लावली. उन्हाळ्यात तेलाच्या डब्यांतून पाणी चढवलं. हे सकाळी उठून आधी झाडांकडे जायचे, मग संडासच्या रांगेत. त्या सगळ्यांतले आता हेच उरले.

आणि मी परवा त्यांचीच पोरं उपटून आले.

२१ जानेवारी, रविवार

परत गेले. जायचं नाही ठरवलं होतं, पण पावणेसातला पायात चपला होत्या.

खरं सांगायचं तर मला बरं वाटतं तिथे. सव्वीस वर्षं बालवाडीत आया होते, सकाळी सातला माणसांत असायची सवय. इथे कुणी विचारत नाही काका कसे आहेत. श्रुतिका सुकलेली काटेसावर दाखवत होती. मी म्हटलं, मेलेलं झाड कशाला ठेवलंय? म्हणाली, त्याच्या ढोलीत तांबट राहतो. पक्ष्यासाठी वाळकं झाड राखायचं, हे मला फार आवडलं.

पट्ट्यावरचे कोयते म्हणजे नुसत्या पट्ट्या. म्हणून माळ्यावरून आमचा गावचा कोयता काढला. गोणपाटात गुंडाळून बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे ठेवते. तिकडे कोण बघतंय.

दर्शनाला खरं सांगितलं. ती फटकन म्हणाली, "बाबांना सांगून टाक ना! काय होईल?" तिला काय कळतंय. माणसाचा हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं. खिडकीतून दिसणारी ती झाडं तेवढी आहेत.

४ फेब्रुवारी, रविवार

आज कोयता असा चालला की लोण्यातून सुरी. एका घावात मनगटाएवढं खोड. सुबोधराव, आमचे सेक्रेटरी, हत्यारांना तेलपाणी करायचं काम त्यांच्याकडे आहे. मी म्हटलं, "सुबोधराव, धार झकास लावलीत हो."

"मी?" म्हणाले. मग जरा ताठ झाले. "हां, हां. आपण काम करतो ते व्यवस्थितच करतो, वहिनी."

कधी लावली कोण जाणे, कोयता तर मी घरी आणते. गेल्या रविवारी चहाच्या वेळी लावली असेल.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

अनय आला होता. आठवड्यातून दोनदा येऊन व्यायाम करून घेतो तो मुलगा. म्हणाला, "काकू, उजव्या हाताची पकड एकदम सुधारलीय! काय करून घेताय?"

"तू दिलास तोच लाल चेंडू."

"नुसत्या चेंडूने एवढं?"

हे खिडकीबाहेर बघत होते, जसं काही दुसऱ्याच माणसाबद्दल चाललंय.

तो गेल्यावर हात धुवून दिले. चेंडू लाल आणि नखांत काळं. खिडकीच्या गजांना धरून उभे राहत असतील. गज पुसायला हवेत.

३ मार्च, रविवार

आज पकडलेच जाणार होते. पदराला सुबाभळीची वाळकी शेंग अडकून आली. मी ताट वाढत असताना ह्यांनीच ती काढून घेतली. त्यांनी नखाने शेंग फोडली, बिया तळहातावर घेतल्या आणि काठी टेकत टेकत स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकल्या. खिडकी हाताशी होती, तरी बाहेर नाही टाकल्या. एक बी खाली पडली तर ती शोधायला वाकले. मी धावले, पडतील म्हणून.

जुनं काही आठवलं असणार. जीव कासावीस झाला म्हणून उगाच फेऱ्या मारत होते. मी विषय बदलला, भजनात आज कोण कोण आलं होतं ते सांगत बसले. नावं सगळी खोटी. आता भजनाचा अख्खा एक संसार उभा झालाय माझ्या तोंडून.

१७ मार्च, रविवार

मोठी झाडं तोडायची परवानगी आली. एक्केचाळीस झाडं. एकतीस मेपर्यंत मुदत. आज सगळ्यांनी मिळून खोडांवर लाल पट्टे मारले. माझ्या हातात पण ब्रश होता. सव्वीस बुंध्यांपर्यंत मोजलं, पुढे मोजवेना.

२८ मार्च, गुरुवार

भाजीला निघाले आणि पिशवी विसरले म्हणून परत आले. दार उघडलं तर आतून आवाज. खर्र, खर्र.

हे बाल्कनीत बुटक्या स्टुलावर बसलेले. कोयत्याची मूठ उजव्या हाताने गुडघ्याशी दाबून धरलेली आणि डाव्या हाताने पात्यावर दगड फिरवत होते. शेजारी तांब्यात पाणी. मला बघून थांबले नाहीत. चार हात मारून झाले, अंगठ्याने धार बघितली.

"बरां," म्हणाले.

मी दारातच. "तुम्हाला... कधीपासून?"

त्यांनी डाव्या हाताने मांडीवर टाळांचा ठेका धरल्यासारखं केलं, मग माझ्या हातांवरचे ओरखडे दाखवले, आणि हसले. अर्धं तोंड हसतं आता त्यांचं, पण हसले. एवढं कुठलं भजन, ज्यात अंग सोलवटून निघतं!

मी तिथेच लादीवर बसून रडले. ह्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. त्यात धारेचं काळं पाणी होतं, ते लक्षात येऊन परत ओढून घेतला.

माझ्यासाठी करतात हे. मला घराबाहेर पडायला मिळतंय म्हणून, आपल्याच झाडांवर चालणाऱ्या कोयत्याला धार लावून देतात. आतून किती तुटत असतील.

७ एप्रिल, रविवार

आज नको होतं ते झालं.

मी तयार झाले तर हे पण शर्ट घालून दारात. नाही म्हणवेना. लिफ्टने खाली, मागच्या फाटकातून दर्शनाने आणि मी धरून नेलं. पहिल्या बाकापर्यंत वाट बरी आहे. सगळ्यांना सांगितलं, ही झाडं ह्यांनी लावली. श्रुतिका पाया पडली.

मग खालच्या बाजूच्या अकरा झाडांपासून सुरुवात करायची ठरली, इमारतीच्या मागच्या भिंतीच्या वरच्या उतारावरची. करवत लावली आणि हे उठले. पाय ओढत त्या झाडापुढे जाऊन उभे राहिले, काठी आडवी धरून.

"हय!" म्हणाले. "हय! हय!"

सुबोधराव म्हणाले, "काय है? दादा, क्या है?"

मी म्हटलं, "मालवणीत हय म्हणजे इथे." नवा शब्द आला म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण ते काठी आपटत होते, तोंडातून लाळ येत होती, आणि सगळी कॉलनी बघत होती.

"वहिनी, भावना समजतो मी," सुबोधराव म्हणाले, "पण मुदत आहे. पावसाआधी खालचा पट्टा मोकळा व्हायलाच हवा."

श्रुतिकाने करवत बाजूला ठेवली. आजचं काम बंद.

घरी आल्यावर मी ह्यांना बोलले. "धार लावता ती काय नाटक म्हणून? नको होतं तर आधी सांगायचं." सांगायचं! काय बोलून गेले मी. ते जेवले नाहीत. दर्शनाही माझ्याशी न बोलता गेली.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा

दोन दिवस बरां नाही की मेलो नाही.

दुपारी श्रुतिका आली, श्रीखंडाचा डबा आणि पट्ट्याचा नकाशा घेऊन. मी तिला जेवायला बसवलं. तिने ह्यांच्यासमोर नकाशा ठेवला. "काका, ती अकरा झाडं का नको, मला सांगाल? मी घाईत नाहीये."

ह्यांनी पेन्सिल डाव्या हातात धरली, ती घसरली. मग त्यांनी ताट पुढे ओढलं. भाताचा डोंगर केला. आमटीतले शेवग्याच्या शेंगांचे तुकडे वेचून त्या डोंगराच्या एका अंगाला, पायथ्याशी रोवले. मी ओरडले, "अहो, पाहुणी आलीय, अन्नाशी काय खेळता!"

"थांबा काकू," श्रुतिका म्हणाली.

ह्यांनी वाटीतलं वरण डोंगराच्या माथ्यावर ओतलं. एका अंगाचा भात शेंगांशी अडून राहिला. दुसऱ्या अंगाचा सुटून ताटाच्या कडेला आला आणि माझ्या पाटावर सांडला. त्यांनी सांडलेल्या भाताकडे बोट केलं, मग माझ्याकडे. मग पलंगाकडे.

पलंग. पाळणा.

मला आठवायला हवं होतं. चिखल आला तो त्याच वाटेने आला, आताच्या भिंतीच्या वरच्या घळीतून, जिथे ती अकरा झाडं उभी आहेत. मी त्यात मांडीभर उभी होते. आणि मी समजत बसले, म्हातारा झाडांच्या मायेत अडकलाय.

श्रुतिकाचा हात श्रीखंडात तसाच. "पाणी," एवढंच म्हणाली.

१४ एप्रिल, रविवार

सकाळी सुबोधरावांनी स्वतः पहार घेतली. ह्यांनी काठीने जागा दाखवली, त्या अकरा झाडांच्या मधोमध. वरची हातभर माती वाळलेली, पुढे सुबोधराव म्हणाले, "अरे! गार आहे." एप्रिलच्या उन्हात माती ओली, मोकळी, रव्यासारखी. खाली पाण्याची शीर आहे. झाडांनी तिला वरून जाळं घालून धरलंय.

ठरलं ते असं. ती अकरा तीन-चार वर्षं राहतील. शेंगा धरायच्या आत फांद्या उतरवायच्या, म्हणजे बी पडणार नाही. मधून करंज आणि बांबू लावायचे. त्यांची मुळं धरली की मगच एकेक सुबाभूळ काढायची.

सुबोधराव हात झटकत ह्यांच्यासमोर उभे राहिले. "दादा, चुकलं माझं." मग माझ्याकडे न बघता, "आणि वहिनी, ती धार... ती मी नव्हती लावली."

"माहितीये," मी म्हटलं.

पण आजची खरी गोष्ट ही नाही. वरच्या सपाटीवर लाल पट्ट्याची झाडं होती, तिथे हे स्वतःहून गेले. काठी एकेकाला लावली. हे काढा, हे काढा. दाट लागलेल्या ठिकाणी तर पट्टा नसलेल्या दोन झाडांनाही लावली. श्रुतिका म्हणाली, "काका, त्यांची परवानगी नाहीये." तर काय तोंड केलं! मेलो म्हणाले. एक जुना सोबती गेला असं काही नव्हतं त्या चेहऱ्यावर. शेतातलं तण काढणाऱ्या माणसाचा चेहरा होता.

मग तीन महिने मी कुणाचं दुःख उराशी घेऊन फिरत होते?

१२ मे, रविवार

वरची पंधरा झाडं पडली. उन्हात सगळे करपून निघालो. हे बाकावर टोपी घालून बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्या कोयत्यांना धार लावतात. रांग लागते. अनय म्हणतो आता मी कशाला येऊ.

९ जुलै, मंगळवार

परवा संध्याकाळपासून पाऊस थांबला नव्हता. काल सकाळी आठला मोठा आवाज झाला, सामानाचा ट्रक रिकामा केल्यासारखा. हे खुर्चीतून उठून उभे राहिले. माझा हात धरला तो असा की बांगडी रुतली.

पाऊस उघडल्यावर आज श्रुतिका आणि मी वर गेलो. वरच्या सपाटीच्या कडेची माती सुटली होती, आम्ही मोकळी केलेली. जूनमध्ये लावलेली तीस-चाळीस रोपं तिच्याबरोबर गेली. तो सगळा लोंढा घळीतून खाली आला आणि त्या अकरा झाडांशी थांबलाय. बुंध्यांना कमरेपर्यंत चिखल, दगड, आमची ऐनाची रोपं, त्यांना बांधलेल्या नावाच्या पट्ट्या. आमची भिंत तिथून वीस पावलांवर. तळमजल्यावर दोन घरांत लहान मुलं आहेत.

श्रुतिका चिखलातच बसली. "काकू, वरच्या कडेला पण मी पाण्याचा हिशेब धरलाच नव्हता. पुस्तकात वाचून टेकडी कळते असं वाटलं मला."

तिला घरी आणलं. अंगावर टॉवेल टाकला. हे तिच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ बसले. मग मला खुणेने चहा टाक म्हणाले, आल्याचा.

१८ ऑगस्ट, रविवार

कडेला दगडांचे बांध घातले, मागे परत रोपं लावली. या वेळी पाणी कुठून जातंय ते आधी भर पावसात उभं राहून बघितलं. ह्यांना छत्री धरून नेलं होतं. ते दाखवतील तिथे श्रुतिका खुंटी ठोकत होती. सुबोधरावांनी वीस खड्डे खणले आणि एकवीस सांगितले.

२० ऑक्टोबर, रविवार

तोडायची मुदत वाढवून मिळाली आहे. पण आजचं झाड मी कधीच होऊ दिलं नसतं.

फाटकाजवळ, बाकाच्या मागे, सपाट जमिनीवर एक सुबाभूळ आहे. होती. सगळ्यात जाड, सगळ्यात जुनी. लाल पट्टा होता, पण मी दर वेळी काहीतरी सांगून पुढे ढकलायचे. कधी खाली कुंभ्याचं रोप आहे म्हणून, कधी सावली हवी म्हणून. ह्यांनी आज काठीने त्या कुंभ्याच्या रोपाभोवती गोल काढला. कुणी लावलेलं नाही ते, आपसूक आलंय. गुडघ्याएवढं आहे, उन्हासाठी एका बाजूला वाकलेलं. मग काठी सुबाभळीला लावली.

"हे एक राहू दे की हो," मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. "सगळी गेली तरी चालतील. हे राहू दे."

त्यांनी नाही अशी मान हलवली.

फांद्या दोराने उतरवून झाल्या. खोडाला दोर बांधले, कुठे पाडायचं ते ठरलं. श्रुतिकाने दोन मुठींची लांब करवत आणली. सुबोधराव एका बाजूला बसायला आले तर ह्यांनी त्यांना हाताने बाजूला केलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले, डाव्या हाताने मूठ धरली, त्यावर उजवा ठेवला. आणि दुसऱ्या मुठीकडे बघून माझ्याकडे बघितलं.

मी बसले.

"काकू, फक्त ओढायचं," श्रुतिका म्हणाली. "ढकलायचं नाही. तुम्ही ओढा, मग सोडा. मग काका ओढतील."

मी ढकलत होते. पातं वाकायचं, अडकायचं. ह्यांनी डोळ्यांनी दटावलं. मग जमलं. त्यांच्याकडे गेली की हात सैल सोडायचा, परत आली की ओढायची. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, एवढं सारखं एका तालात आम्ही कधी काही केलं नव्हतं. सात वेळा थांबलो. पाणी प्यायलो. दर्शनाने त्यांचा घाम पुसला, मग माझा. पिवळसर भुसा दोघांच्या पायांवर पडत होता, त्याला कोवळ्या शेंगांसारखा कच्चा वास. शेवटी दोरवाल्यांनी आवाज दिला, आम्हाला मागे घेतलं आणि ते झाड हळूच, कुणालाही न लागता, आडवं झालं.

कुंभ्याच्या पानांवर ऊन आलं. एवढंसं रोप, पण त्याची सावली पडली.

मी विचारलं, "वाईट वाटलं?"

त्यांनी बुंध्याकडे बघितलं. मग मान होय अशी हलवली. मला इतकं बरं वाटलं त्या होयने, की मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले आणि आम्ही दोघं पोहे येईपर्यंत तिथेच होतो.

आता दुपारचे तीन वाजलेत. जेवून झोपलेत. अंघोळ केली नाही, इतके दमले. पांढऱ्या केसांत सगळा भुसा आहे, उशीवर पण सांडलाय.

मी झाडला नाही.